घरात ट्रेडमिल आणण्यापूर्वी

संत्र्याच्या बागेत आणि कपाशीच्या धुऱ्यावर दिवसभर हिंडणाऱ्याला किंवा जामसावळीच्या हनुमानाला पायी जाणाऱ्या भाविकाला चालण्याचा उपदेश करावा लागत नाही. परंतु आमच्या भागात आता दुकानाच्या गादीवर, शाळेच्या टेबलाशी वा कचेरीच्या खुर्चीत दिवस घालविणारा वर्गही मोठा आहे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर तहसील त्यात आली, आणि खुर्च्यांची संख्या वाढलीच. मधुमेहाचे निदान झाले की डॉक्टर चालावयास सांगतात. चालावे कोठे, हा प्रश्न मात्र घरच्यांनी सोडवावयाचा असतो. वैशाखात सकाळी आठलाच ऊन अंगावर येते, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पाऊल टाकू देत नाही, आणि पहाटेच्या अंधारात रस्त्याने एकट्याने फिरणे घरच्या स्त्रियांना प्रशस्त वाटत नाही. मग नागपूरहून ट्रेडमिल आणण्याची गोष्ट निघते.

या यंत्राची कुळकथा विलक्षण आहे. १८१८ साली विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांना राबविण्यासाठी पायाने फिरवावयाचे प्रचंड चक्र योजिले. त्यावर कैदी तासन् तास पायऱ्या चढत. कधी त्यातून धान्य दळले जाई, कधी काहीच निष्पन्न होत नसे. घाण्याच्या बैलाला निदान तेल तरी दिसते! १८९८ च्या तुरुंगविषयक कायद्यानंतर ही शिक्षा इंग्लंडातून गेली. पुढे १९५२ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ब्रूस व वेन क्विंटन यांनी हृदयाची परीक्षा घेण्यासाठी विजेवर फिरणारा पट्टा वापरात आणला. घरगुती यंत्र त्यानंतरचे. डॉ. केनेथ कूपर यांचे 'एरोबिक्स' हे पुस्तक १९६८ साली प्रसिद्ध झाले. ते वाचून विल्यम स्टॉब या अभियंत्याने घरी ठेवता येईल असे यंत्र तयार केले. एके काळची शिक्षा अशा रीतीने आपण पैसे मोजून घरी आणतो.

पैसे मोजावयाचे तर पाहून मोजावेत. जाहिरातीत मोटारीची अश्वशक्ती मोठ्या अक्षरांत असते. ती बहुधा 'पीक', म्हणजे क्षणभर मिळणारी शक्ती होय. विचारावयाची ती सतत टिकणारी शक्ती. केवळ चालणाऱ्याला सतत दीड-दोन अश्वशक्ती पुरे. घरात कोणी धावणार असेल तर अडीच-तीन हवी. पट्टा चालण्यासाठी सुमारे १२० सेंटीमीटर लांब आणि ४० ते ४५ सेंटीमीटर रुंद असावा, धावण्यासाठी १४० सेंटीमीटर लांब. यंत्राला पेलणारे वजन घरातील सर्वांत जड माणसाच्या वजनापेक्षा वीस-पंचवीस किलो अधिक असावे.

विजेचा विचार आमच्याकडे विशेष करावा लागतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. त्यामुळे पंख्याच्या लहान सॉकेटावर हे यंत्र लावू नये. १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट आणि चांगले अर्थिंग हवे. दाब खालीवर होत असेल तर योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर लावावा. घरगुती इन्व्हर्टरवर यंत्र चालवू नये. खर्चाची धास्ती नको, अर्ध्या तासाच्या चालण्याला अर्धा युनिटही लागत नाही. वीज अकस्मात गेली की पट्टा थांबतो, माणसाची गती मात्र थांबत नाही; म्हणून नवख्याने कठड्यापासून हात दूर नेऊ नये आणि सुरक्षा-किल्लीची दोरी कपड्याला अडकविल्याशिवाय पट्टा सुरू करू नये.

स्त्रियांनी पदर आणि ओढणी यांची फार काळजी घ्यावी. फिरत्या पट्ट्यात गेलेले वस्त्र माणसाला ओढते. चपला नकोत, अनवाणीही नको. यंत्राच्या मागे सहा फूट जागा मोकळी असावी, तेथे भिंत वा कपाट नसावे. लहान मुले असलेल्या घरात काम होताच किल्ली काढून उंच ठेवावी. २०२१ साली अमेरिकेत पेलोटन कंपनीने सहा वर्षांच्या बालकाच्या मृत्यूनंतर आपल्या एका जातीची सव्वा लाख यंत्रे परत मागविली, हे लक्षात असू द्यावे.

आता कोणासाठी घ्यावयाचे? ज्या आजीचा तोल जातो, जिचे गुडघे धरतात, तिला फिरत्या पट्ट्यावर चढविणे मला मुळीच मान्य नाही. हृदयविकार असलेल्याने डॉक्टरांना विचारूनच पाऊल ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगितले आहेत. ते यंत्रावरच केले पाहिजेत असे नाही. वाड्याचे अंगण तीस पावलांचे असेल तर शंभर फेऱ्यांत तीन हजार पावले होतात, आणि अर्धा तास सहज जातो. महिनाभर हा नेम पाळणाऱ्याच्या घरी यंत्र चालेल. न पाळणाऱ्याच्या घरी त्याच्या कठड्यावर टॉवेल वाळतील.

यंत्र ठरलेच तर ज्याला चालावयाचे त्यालाच बूट घालून दुकानात न्यावे आणि दहा मिनिटे चालवून पाहावे. पट्ट्याखाली घालावयाचे सिलिकॉन तेल किती दिवसांनी लागते आणि पट्टा एका बाजूला सरकला तर कसा सारावा, हे तेथेच शिकून घ्यावे. आमच्याकडील धुळीत ते लवकरच करावे लागेल. शेवटी, बिघाड झाल्यास कारागीर सौंसरपर्यंत येईल काय आणि त्याचे येण्याजाण्याचे भाडे कोण देईल, हे बिलावर लिहून घेतल्याखेरीज पैसे देऊ नयेत.