काजळी नव्हे, ही तर बुरशीची कूळकथा!

पोलादाच्या गावात झाडाचं पान काळं पडलं, की दोष जातो धुराड्याला. पण त्याच पानावर ओलं फडकं फिरवून पाहिलं, तर भलतंच गुपित बाहेर येतं!

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. नोकरीच्या निमित्ताने देशभरातून माणसं इथे आली, त्यात मराठी कुटुंबंही होती. क्वार्टरच्या अंगणात कुणी आंबा लावला, कुणी लिंबू. या झाडांची पानं काळवंडली, की घरातलं कुणीतरी म्हणणारच, "कारखान्याचा धूर, दुसरं काय!"

कधी ते खरंही असतं. पण निकाल लावायचा, तर ओलं फडकं घ्यावं. धुराची काजळी लगेच पुसली जाते. दुसरा प्रकार पातळ पापुद्र्यासारखा सुटून येतो. विदर्भातले संत्रा बागायतदार त्याला 'कोळशी' म्हणतात. काळी माशी, तुडतुडे, मावा असे रसशोषक कीटक पानावर गोड, चिकट स्राव टाकतात आणि त्या गोडीवर ही काळी बुरशी वाढते. ती पानाला खात नाही. पानाचं ऊन मात्र अडवते.

तिसरा प्रकार हट्टी. मखमलीसारखे गोल काळे ठिपके, कितीही घासा, जात नाहीत. ही बुरशी पानाच्या वरच्या थरातल्या पेशींत बारीक शोषक अवयव खुपसून बसलेली असते. हिचं नाव मेलिओला. एलियास फ्रीस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८२५ साली ही प्रजाती नोंदवली. उष्ण, दमट प्रदेश हे तिचं माहेर. आंब्यावर आढळणारी तिची जाती आहे 'मेलिओला मँजिफेरी'.

आठ आकड्यांची ओळख

मेलिओलाच्या जाती शेकड्यांनी आहेत आणि दिसायला सगळ्या सारख्याच काळ्या. ओळखायच्या कशा? बेल्जियमच्या बीली यांनी १९२० साली एक युक्ती काढली. बीजाणूत पडदे किती, ठिपक्यावर केस आहेत की नाहीत, माप काय, अशा खुणांना आकडे द्यायचे. चार आकडे, मध्ये टिंब, पुन्हा चार आकडे. जणू बुरशीचा टेलिफोन नंबरच! हॅन्सफर्ड यांचा १९६१ सालचा महाग्रंथ आणि भारतात व्ही. बी. होसागौडर यांचा १९९६ सालचा 'मेलिओलेल्स ऑफ इंडिया' यांनी या पद्धतीचा आधार घेतला.

दुसरा आधार झाडाचा. मेलिओलाची एक जाती सहसा एकाच कुलातल्या झाडांवर राहते. म्हणून बुरशी ओळखायची, तर आधी झाड ओळखावं लागतं.

महाराष्ट्रात हे काम पुण्यात रुजलं. १९४६ साली शं. पु. आघारकरांच्या पुढाकाराने उभी राहिलेली संस्था १९९२ पासून 'आघारकर संशोधन संस्था' म्हणून ओळखली जाते. तिथल्या अजरेकर कवक संग्रहात बुरशी लागलेली वाळकी पानं पाकिटांत जपून ठेवलेली आहेत. कामत, पटवर्धन, राव आणि साठे यांनी १९७१ साली 'फंगाय ऑफ महाराष्ट्र' ही सूचीही सिद्ध केली.

नात्याचा उलगडा

तरी एक कोडं उरलंच. मेलिओलाचे भाऊबंद कोण? ती फक्त जिवंत पानावर जगते; प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाही. त्यामुळे तिचा शुद्ध डीएनए मिळवणं जिकिरीचं. १९९९ साली साएन्झ आणि टेलर यांनी तिच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि रूपावरून बांधलेले अंदाज पुन्हा तपासावे लागले.

गंमत पाहा! मेलिओला आणि कोळशी दोघी काळ्या, दोघी पानावर. पण त्यांचे वर्गच वेगळे. कोळशी भुईमुगावरच्या टिक्का रोगाच्या वर्गातली. मेलिओला मात्र भाताच्या करप्याच्या वर्गात, दूरची का होईना, नातेवाईक. म्हणजे छत्तीसगढच्या धानाला जाळणारा करपा आणि अंगणातल्या आंब्यावरचा ठिपका एकाच मोठ्या घराण्यातले! रंगरूप सारखं म्हणून नातं जोडू नये, हे माणसांइतकंच बुरशीलाही लागू.

नाव चुकलं, तर?

ही नुसती शास्त्रज्ञांची हौस नव्हे. २०१६ साली बांगलादेशात सुमारे १५ हजार हेक्टर गहू करप्याने ग्रासला. हा शेजारच्या भातावरचा करपा गव्हावर उतरला, की बाहेरून आला? भातावरचा असता, तर धान पिकवणाऱ्या प्रत्येक मुलखाला धास्ती. जनुकांची कुंडली मांडल्यावर निघालं, की त्याचं नातं दक्षिण अमेरिकेतल्या गव्हाच्या करप्याशी आहे. मग बाहेरून येणाऱ्या बियाण्यावर नजर ठेवणं आलं. भारतानेही पश्चिम बंगालच्या सीमेलगत गव्हाची पेरणी थांबवली.

घरच्या झाडालाही हाच न्याय. कोळशी असेल, तर बुरशीआधी कीटकांचा बंदोबस्त करायचा. मेलिओलाचे ठिपके सहसा मोठ्या झाडाचं फारसं बिघडवत नाहीत. जास्त लागलेली पानं काढून, फांद्या विरळ करून उजेड-वारा खेळू दिला, की बहुधा भागतं. आणि काजळी असेल, तर पाण्याचा फवारा पुरे.

जगात बुरशीच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात, असा अंदाज आहे. नाव मिळालं आहे जेमतेम दीड लाखांना. ज्यांना नाव नाही, त्यांतली एखादी आपल्या दारातल्या पानावरही असू शकेल. तेव्हा धुराड्याला बोल लावण्याआधी एकदा ओलं फडकं जरूर फिरवून पाहा!