आरमाराचे वय

दि. ३१ जुलै २०११ च्या रविवारी अंधेरी-जुहूच्या किनाऱ्यावर सकाळी फिरावयास गेलेल्या मंडळींनी एक अजब दृश्य पाहिले. भर पावसाळ्यात, ऐन वाळूवर, एक तेलवाहू जहाज निवांत येऊन टेकले होते. त्यावर एकही माणूस नव्हते. ‘पवित’ नावाच्या या जहाजाला त्याच्या खलाशांनी सुमारे महिनाभरापूर्वी ओमानच्या बाजूस सोडून दिले होते. तेथून अरबी समुद्र ओलांडून ते आमच्या उंबरठ्यापर्यंत आले आणि वाटेत त्याला कोणीही हटकले नाही. त्याच्या जेमतेम दीड महिना आधी ‘विस्डम’ नावाचे दुसरे जहाज, भंगारासाठी अलंगला ओढून नेले जात असता दोर तुटून, याच जुहूच्या वाळूत रुतले होते. उपनगरवासीयांनी मुलाबाळांसह जाऊन ही जहाजे पाहिली, भेळ खाल्ली आणि घरी परतले. पण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा माणसे समुद्रमार्गे याच शहरात उतरली होती, या गोष्टीला तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. त्या गर्दीत ज्यांना हे आठवले, त्यांच्या घशाखाली ती भेळ सुखाने उतरली नसेल.

हा प्रसंग उगाळून कोणाची अप्रतिष्ठा करावी असा आमचा हेतू नाही. त्यानंतर किनाऱ्यावर रडार बसले, गस्त वाढली, यंत्रणांचा परस्परांशी मेळ पुष्कळ सुधारला, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि रडार हा केवळ डोळा आहे. डोळ्याला दिसले तरी धावून जाण्यास पाय लागतात, आणि समुद्रावरचे पाय म्हणजे जहाजे. त्या पायांचे वय काय, त्यांत बळ किती उरले आहे, आणि ते थकल्यावर त्यांची जागा कोण घेणार, हा प्रश्न आज आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

बोरिवली-मुलुंडच्या चाकरमान्याला या प्रश्नाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात, १९७४ साली, ‘मुंबई हाय’चे तेल सापडले. तेथला वायू उरणला येतो आणि आमच्या चुली पेटत्या ठेवण्यास हातभार लावतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात तेथेच ‘पी-३०५’ हा कामगारांचा तराफा बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी १८६ जणांना नौदलाने खवळलेल्या पाण्यातून जिवंत बाहेर काढले. त्या रात्री धावून गेलेल्या ‘कोची’ आणि ‘कोलकाता’ या दोन्ही विनाशिका माझगाव गोदीत बांधलेल्या, वयाने तरुण आणि यंत्राने खणखणीत होत्या. नेमक्या अशा वेळी तेथे एखादे म्हातारे, धापा टाकणारे जहाज असते तर काय झाले असते, याची कल्पना करावी. शिवाय मालाडच्या मार्वे भागात नौदलाचा ‘हमला’ हा तळ आहे, घाटकोपरला नौदलाचे मोठे भांडार आहे, कांजूरमार्गला नौदलाच्या नागरी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे, आणि सकाळच्या लोकलने गोदीकडे निघणारे हजारो हात याच उपनगरांत राहतात. आरमार हा आमच्या शेजारघरचाच विषय आहे.

माणसाप्रमाणे जहाजाचे वय केवळ वर्षांवर मोजता येत नाही. खारे पाणी पोलादाला अहोरात्र खात असते. नळ, झडपा आणि विजेच्या तारा आतल्या आत जीर्ण होतात. पण याहून कठीण म्हणजे, जहाज तरते आणि त्याचे सुटे भाग बनविणारा कारखानाच जगातून नाहीसा होतो. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा आमच्या नौदलाने हा अनुभव घेतला. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा तो पुन्हा घेतला, कारण आमच्या कित्येक युद्धनौकांची गॅस टर्बाइन तेथल्याच कारखान्यांतली. ही अडचण केवळ गरीब देशांची आहे असेही नव्हे. अमेरिकेसारख्या धनाढ्य राष्ट्राच्या तटरक्षक दलालाही १९७६ सालचे ‘पोलर स्टार’ हे बर्फफोडे जहाज अर्धशतकाच्या उंबरठ्यापर्यंत रेटावे लागले.

आमच्या १९७१ च्या युद्धात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसून आल्या. ‘विक्रांत’ ही १९४५ साली जलावतरण झालेली नौका. युद्धाच्या वेळी तिच्या बॉयलरला तडा गेलेला होता आणि तिला पूर्ण वेगाने धावता येत नव्हते. तरीही बंगालच्या उपसागरात तिने आपले काम चोख बजावले. उलट ‘खुकरी’ अवघी तेरा वर्षांची. परंतु ९ डिसेंबर रोजी दीवजवळ तिची गाठ पाकिस्तानच्या अद्ययावत फ्रेंच बनावटीच्या ‘हंगोर’ पाणबुडीशी पडली. ‘खुकरी’चा माग पाणबुडीला जितक्या दुरून लागला, तितक्या दुरून पाणबुडीचा माग ‘खुकरी’ला लागला नाही. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह अठरा अधिकारी आणि १७६ नौसैनिक समुद्राने गिळले. शौर्याने यंत्राची उणीव काही काळ झाकता येते. ती नेहमीच भरून काढता येईल असे गृहीत धरणे हा मात्र शूरांवर अन्याय आहे.

अलीकडच्या काळात मुंबईच्या नौदल गोदीने युद्धावाचूनही पुष्कळ दुःख पाहिले. १४ ऑगस्ट २०१३ रोजी ‘सिंधुरक्षक’मध्ये स्फोट होऊन अठरा जण गेले. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी निघालेल्या ‘सिंधुरत्न’मध्ये धूर कोंडून दोन अधिकारी गेले, आणि नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी स्वीकारून पद सोडले. २०१६ मध्ये ‘बेतवा’ सुक्या गोदीत कलंडली, २०२२ मध्ये ‘रणवीर’वर स्फोट झाला, जुलै २०२४ मध्ये ‘ब्रह्मपुत्रा’ला आग लागली. या प्रत्येक अपघाताचे खापर वयावर फोडणे न्याय्य होणार नाही. ‘बेतवा’ तर २००४ सालची. परंतु नवे जहाज वेळेवर येत नाही तेव्हा जुन्याला अधिक राबावे लागते. जुने अधिक राबले की त्याची दुरुस्ती लांबते. दुरुस्ती लांबली की गोदीत गर्दी होते आणि घाईला निमंत्रण मिळते. हे चक्र कोणाही शहाण्या माणसाच्या ध्यानात येण्याजोगे आहे.

तटरक्षक दलाचा तर जन्मच जुन्या वस्त्रांत झाला. १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते आकारास आले तेव्हा नौदलाने वापरलेल्या दोन फ्रिगेट आणि पाच गस्तनौका एवढाच त्याचा संसार. थोरल्याचे कपडे धाकट्याला, ही मध्यमवर्गीय घरातील रीत आम्हांस परिचित आहे. ती शाळेच्या गणवेशापुरती ठीक. पुढे या दलाने स्वतःची मोठी जहाजे बांधून घेतली आणि त्यांतले पहिले ‘विक्रम’ माझगाव गोदीतूनच १९८३ साली निघाले. परंतु नवी झालेली वस्तू जुनी होतेच. डिसेंबर २०२३ मध्ये याच गोदीशी सहा गस्तनौकांचा करार झाला. त्यांतल्या चार या जुन्या नौकांची जागा घेण्यासाठीच आहेत, हे शासनानेच सांगितले आहे.

माझगाव गोदीचा इतिहास हा आमच्या मते या विषयातील सर्वांत बोलका धडा आहे. १९९२ मध्ये ‘शाल्की’ आणि १९९४ मध्ये ‘शंकुल’ या पाणबुड्या येथे तयार झाल्या. पाणबुडीच्या पोलादी कवचाची जोडणी करणारा कारागीर एका दिवसात घडत नाही. पण खरेदी-व्यवहाराच्या वादळात पुढचे काम थांबले, आणि शिकलेले हात पांगले. त्यानंतरची पाणबुडी, ‘कलवरी’, सेवेत आली ती डिसेंबर २०१७ मध्ये. मध्ये तेवीस वर्षे गेली. या अवधीत मुलुंडच्या एखाद्या चाळीतला तरुण वेल्डर निवृत्तीच्या वयाला आला असेल, आणि त्याच्या हातातली कला तो कोणाला न देता घरी घेऊन गेला असेल. तीस वर्षांत चोवीस पाणबुड्या बांधण्याची योजना १९९९ साली मान्य झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये त्यांतली सहावी पूर्ण झाली.

त्याच महिन्याच्या १५ तारखेस मुंबईत ‘निलगिरी’, ‘सुरत’ आणि ‘वागशीर’ एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या, हा सोहळा कोणाचीही मान ताठ करील असा होता. तिन्ही नौका माझगावच्या. ‘कोलकाता’ बांधण्यास सुमारे अकरा वर्षे लागली होती, तर नवी ‘निलगिरी’ सुमारे सात वर्षांत उभी राहिली. सुधारणा आहे आणि ती आम्ही मोकळ्या मनाने नोंदवितो. परंतु जहाजांच्या संख्येत जगात पहिल्या ठरलेल्या चीनचे आरमार हिंदी महासागरात येऊ-जाऊ लागले असता, एका सोहळ्याच्या फुलांवर दहा वर्षे झोपता येणार नाही.

या बाबतीत महाराष्ट्राला परक्या पंडिताकडे जाण्याचे कारण नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराला स्वतंत्र राज्यांगाचे स्थान दिलेले आहे. तेथेच जहाजांच्या लाकडाविषयी सांगताना, रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण झाड वर्षा-दोन वर्षांत होत नाही, असा विचार केला आहे. त्यात रयतेची कणव आहे, तशीच काळाची जाणीवही आहे. आणि हे विसरल्याचा परिणामही आमच्याच किनाऱ्याने पाहिला. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, ते इंग्रजांच्या तोफांनी आणि पेशव्यांच्या संमतीने. घरचे आरमार गेले ते पुन्हा तसे उभे राहिले नाही. २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावर शिवरायांच्या मुद्रेचा अष्टकोन आला, याचा आनंद आम्हांसही आहे. पण ध्वज ज्या काठीवर चढतो, ते जहाजही त्या मुद्रेला शोभणारे असावयास हवे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, नव्या जहाजांची मागणी तुटक-तुटक न करता सलग करावी. गोदीतला शेवटचा खिळा ठोकला जाण्यापूर्वी पुढच्या जहाजाचा नारळ फुटला पाहिजे. दुसरी, कोणते जहाज कधी निवृत्त होणार आणि त्याची जागा कोण घेणार, याचा जमाखर्च, गुप्ततेला बाध न येईल अशा बेताने, दरवर्षी संसदेपुढे यावा. तिसरी, बांधणीच्या रकमेबरोबर देखभालीची रक्कमही तितक्याच निष्ठेने बाजूला काढावी. नव्या जहाजाच्या फितीला कात्री लावावयास मंत्री मिळतात, जुन्याच्या झडपा बदलावयास छायाचित्रकारही येत नाही. आणि चौथी, इंजिनासारख्या मर्माच्या वस्तू देशात बनविण्याचा ध्यास घ्यावा. नाही तर जहाज आमचे आणि श्वास दुसऱ्याचा, अशी स्थिती राहील.

शिक्षकी पेशात असताना आम्ही एकदा मुलांना ‘विक्रांत’ दाखवावयास नेले होते. तेव्हा ती निवृत्त होऊन संग्रहालय झाली होती. घाटकोपरचा एक लहानगा तिच्या डेकवर उभा राहून म्हणाला, “सर, ही आता परत कधी निघणार?” आम्ही हसून वेळ मारून नेली. पुढे ती निघाली खरी, पण दारूखान्याकडे. जतनाचा खर्च झेपणारा नाही असे ठरले, न्यायालयात दाद मागूनही उपयोग झाला नाही, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात तिचे तुकडे पडू लागले. याच मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानात बांधलेले ‘त्रिंकोमाली’ मात्र इंग्लंडमधील हार्टलपूलला जपून ठेवलेले आहे.

त्या मुलाला आज आम्ही खरे उत्तर देऊ शकतो. ‘विक्रांत’ २०२२ मध्ये परत निघाली, कोचीत बांधलेल्या नव्या देहाने. जुनी १९९७ मध्ये उतरली आणि तिच्या नावाची नौका पुन्हा चढण्यास पंचवीस वर्षे लागली, एवढेच त्या उत्तरातले शल्य आहे. समुद्र पंचवीस वर्षे थांबतो, असे आम्ही कोणत्याही वर्गात कधी शिकविले नाही.