फोल्डर पुसला जात नाही तेव्हा

दिवाळीत निपाणीला गेलो की घरचा कॉम्प्युटर बघून देणे हे काम ठरलेले. वखारीच्या हिशेबासाठी अण्णांना लिनक्स मीच बसवून दिले, त्यामुळे तक्रार करायला दुसरे कोणी नाही. यंदा डिस्क भरली होती. 'जुना बॅकअप' हा फोल्डर पुसला की झाले, असे म्हणून बसलो.

'आरएमडिर' ही आज्ञा दिली. उत्तर आले, फोल्डर रिकामा नाही. आत तर काहीच दिसेना! युनिक्समध्ये ज्या फाइलचे नाव टिंबाने सुरू होते, ती साध्या यादीत दिसत नाही. 'एलएस -ए' दिल्यावर अशी एक फाइल सापडली. ती पुसायला गेलो तर परवानगी नाही.

इथे बरेच जण त्या फाइलचीच परवानगी बदलत बसतात. मंडळी, युनिक्समधला फोल्डर म्हणजे पेटी नव्हे, वही आहे. वखारीत कुठले पोते कुठल्या थप्पीत ते वहीत लिहिलेले असते, तसेच इथे नाव आणि त्यापुढे फाइलचा क्रमांक. पुसणे म्हणजे वहीतली ओळ खोडणे. म्हणून लिहिण्याची परवानगी वहीची, म्हणजे फोल्डरची लागते. एका फाइलची दोन नावेही असू शकतात. शेवटचे नाव खोडले आणि कोणत्याही प्रोग्रॅमने ती फाइल उघडून ठेवलेली नसेल, तरच जागा मोकळी होते. पुसूनही जागा वाढली नाही, तर फाइल कोणी धरून ठेवली आहे ते 'एलएसओएफ' सांगते.

आमचा फोल्डर 'रूट'च्या नावावर होता. 'सुडो' लावून पुसायला गेलो तर 'इनपुट-आउटपुट एरर'. पुन्हा केले तर 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम'. आता मात्र हात थांबला. जबरदस्तीने लिहिण्याजोगी करून 'आरएम -आरएफ' मारावे, असा मोह झाला होता. त्याऐवजी 'डीमेसेज' उघडले. डिस्क वाचताना चुका येत असल्याच्या ओळीच ओळी होत्या. बिघाड दिसल्यावर आणखी नुकसान नको म्हणून लिनक्सने लिहिणेच बंद केले होते.

त्याच डिस्कवर आज्जीचे फोटो होते, आणि जात्यावरच्या ओव्या म्हणताना मी केलेली तिची रेकॉर्डिंग. आज्जीला जाऊन चार वर्षे झाली. दुसरी प्रत कुठेच नव्हती. संगणकाचा इंजिनिअर मी, आणि बॅकअप नाही!

पुसायचे राहू दिले. आधी सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवले, त्यात रात्र गेली. मगच डिस्क 'अनमाउंट' करायला घेतली. 'बिझी' आले, कारण माझेच टर्मिनल त्या फोल्डरात उभे होते. तिथून बाहेर पडल्यावर जमले आणि 'एफएससीके' चालवले. माउंट असलेल्या डिस्कवर ते दुरुस्तीसाठी कधी चालवू नये, आणि डिस्कच मरायला टेकली असेल तर प्रत काढण्याआधी तर मुळीच नको.

फोटो सगळे मिळाले. दोन रेकॉर्डिंग उघडली नाहीत, बाकीची वाजली. सकाळी चहाला आज्जीचा आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

अण्णांनी विचारले, "पुसणार होतास न्हवं रे?"

"नाही पुसलं गेलं, अण्णा. बरं झालं."

नवी डिस्क घेतली. आता ओव्यांची एक प्रत निपाणीत आणि एक माझ्याकडे आहे. तुमच्याही घरी असे काही एकाच डिस्कवर असेल, तर या रविवारी दुसरी प्रत काढून ठेवा.