विसरायच्या आत

रॅम बिघडलेल्या जुन्या कॉम्प्युटरची तक्रार कधी एका जागी टिकत नाही. आज निळा पडदा येतो, उद्या ब्राउझर आपोआप बंद होतो, परवा बारशाच्या फोटोचा खालचा अर्धा भाग करड्या पट्ट्यांनी भरून जातो. निळ्या पडद्यावरचा मजकूरही दर वेळी निराळा. सॉफ्टवेअरचा दोष असेल तर तो बहुधा तेच काम करताना, त्याच जागी पुन्हा सापडतो. रॅममधली खराब जागा मात्र ज्या प्रोग्रामच्या वाट्याला येईल, त्याच्या नावावर बोल लागतो. मग दुरुस्तीवाला फॉरमॅट मारून देतो, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं.

या रॅमच्या पोटात काय चाललेलं असतं ते एकदा कळलं, की ती बिघडली कशी हा प्रश्न मागे पडतो. इतकी वर्षं चालली कशी, असं वाटायला लागतं.

१९६६ साली आयबीएममध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट डेनार्ड यांना एक कल्पना सुचली, आणि १९६८ साली तिचं पेटंट मिळालं. एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, चिपवर साठवायला त्या काळी सहा-सहा ट्रान्झिस्टर खर्ची पडत. डेनार्ड म्हणाले, एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर पुरे. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. ट्रान्झिस्टर म्हणजे त्याचं दार. घरातल्या कॉम्प्युटरची, लॅपटॉपची, खिशातल्या मोबाइलची रॅम आजही याच तत्त्वावर चालते. आठ जीबी रॅममध्ये अशा खोल्या किती? ६,८७१ कोटींहून अधिक. आणि एकेका खोलीत ‘एक’ म्हणून जे साठवलेलं असतं, ते साधारण लाखभर इलेक्ट्रॉन. लाख हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण विजेच्या हिशेबात ती नगण्यच म्हणावी अशी रक्कम आहे.

त्यातही ही खोली गळकी. दार बंद असलं तरी भार झिरपून जातोच. महादेवाच्या पिंडीवर टांगलेलं अभिषेकपात्र थेंबाथेंबानं रिकामं होत असतं आणि धार तुटू द्यायची नसेल तर ते संपायच्या आत कुणाला तरी तांब्या ओतावा लागतो, तसाच इथला व्यवहार आहे. फक्त ओतायची मुदत ६४ मिलिसेकंदांची. तेवढ्या वेळात रॅममधली प्रत्येक खोली एकदा वाचून पुन्हा भरली गेलीच पाहिजे, असा जुन्या कॉम्प्युटरांतल्या रॅमच्या मानकाचा दंडक आहे. म्हणजे सेकंदाला पंधरापेक्षा जास्त वेळा. हे काम एकदम होत नाही. खोल्यांच्या सगळ्या ओळी ८,१९२ हप्त्यांत वाटलेल्या असतात आणि साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदाला एका हप्त्याची पाळी येते. तुम्ही काहीही न करता नुसते पडद्याकडे बघत बसलात तरी हे अखंड चालू असतं.

याहून गमतीची गोष्ट वाचण्याची आहे. दार उघडलं की खोलीतला भार बाहेरच्या लांबलचक तारेवर पसरतो आणि खोलीतली नोंद मोडते. तारेवरचा दाब किंचित वर सरकला की खाली, एवढ्यावरून एक संवेदक-प्रवर्धक निकाल देतो आणि लगेच तोच निकाल ठसठशीत करून खोलीत परत भरतो. या रॅममध्ये वाचणं म्हणजे पुसणं आणि पुन्हा लिहिणं. आपल्या घरचा हिशेब, मुलाचा प्रोजेक्ट, बँकेचा पासवर्ड, सगळं या पुसण्या-लिहिण्यातून क्षणोक्षणी जातं आणि तरी जसंच्या तसं राहतं.

खरं तर बहुतेक खोल्या इतक्या दुबळ्या नसतात. साध्या तापमानाला त्या काही सेकंदही भार धरून ठेवतात. ६४ मिलिसेकंदांची मुदत सगळ्यांत कमजोर खोलीकडे बघून ठरवलेली आहे. २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी याचाच फायदा घेऊन दाखवला. धूळ उडवायला वापरतात तो हवेचा डबा उलटा धरून त्यांनी रॅमवर गारवा फवारला, ती उणे पन्नास अंशांच्या आसपास नेली, आणि वीज तोडल्यावरही कित्येक मिनिटांनी तिच्यातला मजकूर जवळजवळ अखंड काढून घेतला. सुरक्षावाल्यांची झोप उडाली ती वेगळी गोष्ट. आपल्या कामाची गोष्ट उलट बाजूची आहे: थंडीत गळती मंदावते, तशी उष्णतेत वाढते. पंखा धुळीनं चोंदलेल्या, मे महिन्यात खिडकीपाशी तापत बसलेल्या कॅबिनेटमध्ये कमजोर खोल्यांची परीक्षा अधिक कडक होते.

आता दुरुस्तीकडे वळू. कॉम्प्युटर नुसता संथ झाला असेल तर तो रोग वेगळा: रॅम बिघडलेली नाही, अपुरी पडते आहे. जागा संपली की विंडोज काही मजकूर हार्ड डिस्कवर हलवतं, आणि फिरत्या तबकडीची डिस्क रॅमच्या तुलनेत लाखपट संथ असते. टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा रकाना नव्वद टक्क्यांवर अडकलेला दिसला तर निदान झालं. एक जुना सापळा मात्र अजून कित्येक घरांत आहे. चार जीबी रॅम घातलेली, पण विंडोज ३२ बिटचं. ३२ बिटांत पत्ते मावतात ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे बरोबर चार जीबी. त्यातले काही पत्ते ग्राफिक्स आणि इतर यंत्रणांना द्यावे लागतात, म्हणून वापरायला सव्वातीनच्या आसपास उरते. अशा मशीनमध्ये आणखी रॅम घालणं म्हणजे पत्ताच नसलेल्या घराचं भाडं भरणं.

बिघाड मात्र निराळा, आणि त्यावरचा पहिला उपाय शाळेच्या कंपासपेटीत असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत ‘डिस्प्ले येत नाही’ म्हटलं की दुरुस्तीवाला रॅम काढतो, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं पुसतो आणि परत खोचतो. बीप थांबतात, पडदा उजळतो. हा जादूटोणा नाही. सोनं स्वतः गंजत नाही, पण त्याचा मुलामा एक मायक्रॉनही जाड नसतो. त्यावर बोटांचा तेलकटपणा, धूळ आणि पावसाळी दमट हवेचा थर बसतो. कोकणात तर विचारायलाच नको. शिवाय काढून खोचताना पट्ट्या एकमेकींवर घासतात, तेवढ्यानंही संपर्क सुधारतो. डीडीआर३ पिढीच्या डेस्कटॉप रॅमला २४० पिना असतात. एकीनं दगा दिला तरी पुरतं. हे घरी करायचं तर प्लग भिंतीतून काढा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा, मऊ रबर हलक्या हातानं फिरवा आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. जोर लावलात तर मळाबरोबर सोनंही जाईल.

पुसूनही तक्रार राहिली तर चाचणी. विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक आयतं मिळतं. त्याहून कसून तपासणारं मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून चालवता येतं. हे विंडोज सुरू व्हायच्या आधी चालवायचं, कारण विंडोज स्वतःच रॅममध्ये ऐसपैस पसरलेलं असतं आणि त्याच्या बुडाखालची जागा तपासणार कोण? मेमटेस्टलाही कुठेतरी बसावं लागतंच. ते काय करतं? उरलेली जागा तपासून झाली की स्वतःला तिथे हलवतं आणि मग आपण बसलो होतो ती जागा तपासतं. मला या प्रोग्रामबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

तपासण्याची तऱ्हाही बघण्यासारखी आहे. सगळीकडे शून्य भरा, वाचा. सगळीकडे एक भरा, वाचा. एकाआड एक भरा, मग उलटं करा. चढत्या क्रमानं जा, उतरत्या क्रमानं या. प्रत्येक जागेत तिचाच पत्ता लिहा, म्हणजे एकाचं पत्र दुसऱ्याच्या घरी जात असेल तर कळेल. एक चाचणी तर नुसतं लिहून काही मिनिटं गप्प बसते आणि मग काही विरलं का ते पाहते. इतका खटाटोप लागतो, कारण काही खोल्या एकट्या असताना शहाण्यासारख्या वागतात आणि शेजारी बदलला की डळमळतात. काही तर आज सेकंदभर भार धरतात नि उद्या क्षणभरही नाही. म्हणून एक फेरी निर्दोष गेली तरी हुरळू नये. रात्रभर चालू द्यावं. पडद्यावर एकही लाल ओळ आली तर ती एकही जास्तच.

लाल ओळी वाचताही येतात. पुन्हा पुन्हा तोच पत्ता येत असेल तर खोली किंवा ओळ मेलेली. पत्ते विखुरलेले, पण चुकणारा बिट तोच असेल तर संशय एखाद्या पिनेवर किंवा स्लॉटवर. मग एक एक रॅम एकटी लावायची, स्लॉट बदलायचा, पुन्हा चाचणी. चूक रॅमबरोबर फिरली तर रॅम दोषी, स्लॉटपाशीच राहिली तर मदरबोर्ड. दोन्ही रॅम, दोन्ही स्लॉट सगळीकडेच चुका येऊ लागल्या तर एसएमपीएसकडे, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याकडे, आणि मदरबोर्डवरच्या फुगलेल्या कपॅसिटरांकडे पाहा. वीजच थरथरत येत असेल तर रॅमनं काय करावं?

आणि चूक एकदाच झाली, पुन्हा कधीच सापडली नाही तर? तिचं मूळ कदाचित रॅमच्या दोषात नसेलच. १९७८च्या सुमारास इंटेलच्या टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिलं, की चिपच्या वेष्टणातल्या युरेनियम-थोरियमच्या लेशांतून सुटणारे अल्फा कण खोलीतला बिट उलटवतात. १९७९ साली आयबीएमच्या जेम्स झीग्लर यांनी येलच्या विल्यम लॅनफर्ड यांच्यासह विश्वकिरणांकडे बोट दाखवलं. अंतराळातून आलेला एकच कण वातावरणात कणांची सर कशी पाडतो, याचं गणित १९३७ साली होमी भाभा आणि वॉल्टर हाइट्लर यांनी मांडलेलं होतंच. अशा सरींतले न्यूट्रॉन चिपला विशेष भोवतात. २००३ साली ब्रसेल्समधल्या स्खारबेकमध्ये मतमोजणीच्या यंत्रानं एका उमेदवाराला जादा ४,०९६ मतं दिली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात: एकच बिट शून्याचा एक झाला होता. विश्वकिरणानं केलं असं सिद्ध झालेलं नाही, पण दुसरं कारणही हाती लागलं नाही.

तरीही जुन्या कॉम्प्युटरच्या मालकानं आकाशाला दोष देऊ नये. गूगलच्या सर्व्हरांवरचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की दर वर्षी आठ टक्क्यांहून जास्त रॅममध्ये चुका आढळल्या आणि त्यांत मुख्य वाटा आकाशातून पडलेल्या क्षणिक चुकांचा नव्हता. रॅममधल्याच कायमच्या दोषांचा होता. वयाबरोबर चुका वाढत होत्या. त्या सर्व्हरांना निदान चूक झाल्याचं कळत होतं, कारण त्यांच्या रॅममध्ये पडताळणीचे जादा बिट असतात. घरच्या साध्या रॅममध्ये ते नसतात. तिथे चुकलेला बिटही बरोबर असल्याच्या थाटात पुढे जातो.

खराब पत्ते थोडेच असतील तर लिनक्सला सुरू होतानाच त्या जागा टाळायला सांगता येतं, आणि मशीन आणखी काही वर्षं चालतं. नाही तर जुन्या बाजारात डीडीआर३ची रॅम स्वस्तात मिळते. खाच जुळते का ते पाहा, आणि आणलेल्या रॅमचीही रात्रभर चाचणी घ्या. मग शेवटचं काम. रॅम खराब असताना जे काही डिस्कवर लिहिलं गेलं, ते त्या खराब जागांतून गेलेलं असू शकतं. त्या महिन्यांतले फोटो उघडून पाहा, बॅकअप घेतला असेल तर तोही, आणि कॅमेऱ्याच्या कार्डावर किंवा मोबाइलमध्ये मूळ प्रत असेल तर तपासून होईपर्यंत ती पुसू नका.