गोलंदाजाची पावले

क्रिकेटचा सामना पाहताना आपली दृष्टी गोलंदाजाच्या हातावर खिळलेली असते. परंतु चेंडूला मिळणाऱ्या बळाचा उगम त्याच्या पायांत असतो.

उजव्या हाताने चेंडू टाकणाऱ्या गोलंदाजाकडे लक्षपूर्वक पाहावे. धावत येऊन तो प्रथम उजवा पाय टेकतो; लगेच त्याचा डावा पाय पुढे पडून घट्ट रोवला जातो. पाय थांबतो, पण शरीराची गती थांबत नाही. ती कमरेतून खांद्यात, खांद्यातून मनगटात आणि शेवटी चेंडूत उतरते. पुढचे पाऊल डळमळले, तर नेम चुकतो. ते संपूर्णपणे रेषेपलीकडे पडले, तर पंच 'नोबॉल' देतात.

डाव्या हाताने गोलंदाजी करताना पावलांचा हा क्रम उलटा होतो. यवतमाळ जिल्ह्यातील अक्षय कर्णेवार हे विदर्भाचे फिरकी गोलंदाज दोन्ही हातांनी गोलंदाजी करण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. हात बदलण्यापूर्वी पंचांना सूचना दिली की नियमाचे काम भागते. पायांचे मात्र तसे भागत नाही. दोन्ही क्रम दीर्घ सरावाने त्यांच्या अंगवळणी पाडावे लागतात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली करंडक स्पर्धेत कर्णेवार यांनी मणिपूरविरुद्ध आपली चारही षटके निर्धाव टाकली व दोन गडी बाद केले. त्या २४ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. असे यश डोळ्यांना हातात दिसते. त्याचा पाया मात्र पावलांच्या साधनेत असतो.