नसबंदी : पुरुषांनी मागे का राहावे?

निसर्ग आपल्या देशाला दरवर्षी सरासरी जेवढे पाणी देतो, ते फारसे बदललेले नाही. वाटेकरी मात्र वाढले. सरकारी आकडेवारीनुसार १९५१ साली दरडोई वर्षाला ५१७७ घनमीटर पाणी उपलब्ध होते, २०११ साली ते १५४५ घनमीटरवर आले. याच साठ वर्षांत लोकसंख्या ३६ कोटींवरून १२१ कोटींवर गेली.

तरीही लोकांना कुटुंबनियोजन पटलेच नाही, असे म्हणणे चूक ठरेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एका स्त्रीमागे सरासरी अपत्ये देशात २.० आणि महाराष्ट्रात १.७ आढळली. तरुण जोडपी संख्येने जास्त असल्यामुळे लोकसंख्या अजून काही काळ वाढेल, पण वेग नक्कीच मंदावला आहे.

हा भार उचलला कोणी? त्याच सर्वेक्षणात देशातील सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पतीने नसबंदी करून घेतल्याचे प्रमाण होते अवघे ०.३ टक्के!

"डॉक्टर, यांना शेतात जड काम असतं, माझंच ऑपरेशन करा," असे बायका मला नेहमी सांगतात. बाळंतपणे तिने सोसली, अंगात रक्त तिच्या कमी, आणि ऑपरेशनही तिचेच!

१९७६ मधील आणीबाणीतल्या सक्तीने पुरुषांच्या मनात जी धास्ती बसली, ती पुरती गेलेली नाही. म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो. पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीत पोट उघडावे लागत नाही. जागा बधिर करून लहानशा छिद्रातून शुक्रवाहिन्या बंद करतात. माणूस त्याच दिवशी घरी जातो. थोडे दिवस विश्रांती घेतली की जड कामही करता येते. पुरुषत्व, कामेच्छा वा ताकद यांत काही उणे होत नाही, कारण संप्रेरके पूर्वीप्रमाणेच रक्तात मिसळत राहतात.

मात्र शस्त्रक्रियेचा परिणाम लगेच होत नाही. पहिले तीन महिने निरोध वापरावा आणि नंतर वीर्यतपासणी करून खात्री करून घ्यावी. हा उपाय कायमचा आहे. म्हणून निर्णय दोघांनी मिळून, कोणाच्याही दबावाशिवाय घ्यावा. आणखी मूल हवे की नको हे ठरत नसेल, तर निरोध, तांबी किंवा गोळ्या आहेतच.

तेव्हा कुटुंबनियोजनाचा सल्ला घ्यायला पत्नीला एकटीला पाठवू नका. सोबत या आणि आधी स्वतःसाठी विचारा.