उंबऱ्याआतला कायदा (भाग 6) : समेट झाला, आता आदेशाचं काय?

दुपारच्या सत्रात पुकारा झाला तेव्हा दोघं एकाच बाकावर बसली होती. त्याच्या मांडीवर मुलीचं दप्तर. वकिलांनी पुढे केलेली पुरसीस तीन ओळींची होती : पक्षकारांत समेट झाला आहे, अर्जदार नांदायला गेली आहे, सबब संरक्षण आदेश रद्द व्हावा. खाली तिची सही. मॅडमनी कागद वाचला आणि नवऱ्याला बाहेर थांबायला सांगितलं.

"पुरसीस वाचलीत का?"

"सही केलीय मॅडम."

"वाचलीत का?"

ती गप्प. पंधरा दिवसांनंतरची तारीख पडली.

आदेश मिळतो कसा, हे मागच्या भागात आलं. निकाल साठ दिवसांत लागावा असं कायदा म्हणतो. तालुक्याच्या कोर्टात तेवढ्यात कधी कधी नोटीसही बजावून येत नाही. पण मिळालेला आदेश संपतो कधी? बहुतेकांना वाटतं, बाई परत घरी आली की संपला. दिवाळी एकत्र झाली, कागद कपाटात गेला, विषय मिटला.

तसं नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 25 सांगतं की, संरक्षण आदेश उठवावा असा अर्ज पीडित स्त्री स्वतः करेपर्यंत तो लागू राहतो. ती पुन्हा नांदायला आली तरी लागूच. आणि लागू असलेला आदेश मोडला तर कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. यात एक गंमतही आहे. तिच्याशी कुठलाही संपर्क ठेवू नये, असं आदेशात असेल तर एकाच ताटात जेवणारा नवरासुद्धा कागदोपत्री आदेश मोडतच असतो. म्हणून समेट झाला की कोर्टात येऊन आदेश नीट करून घ्यावा, हे मी दोन्ही बाजूंना सांगते.

कलम 25 ची दुसरी वाट दोघांनाही खुली आहे. परिस्थिती बदलली असेल तर न्यायदंडाधिकारी आदेशात फेरफार करू शकतात, तो रद्दही करू शकतात. मात्र कारणं लेखी द्यावी लागतात. परिस्थिती बदलली म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर 2024 चा निकाल महत्त्वाचा आहे. कर्नाटकातल्या त्या प्रकरणात 2015 साली दरमहा बारा हजार रुपये देण्याचा आदेश झाला होता. काही वर्षांनी नवरा आदेश रद्द करा म्हणाला, वर भरलेले पैसेही परत मागू लागला. न्यायालयानं सांगितलं की बदल आदेशानंतर घडलेला हवा, आणि रद्द झालाच तर तो पुढच्या काळापुरता. दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

हे कुणीतरी ठणकावून सांगायलाच हवं होतं. कलम 25 चे बरेच अर्ज म्हणजे जुनंच म्हणणं नव्या फाईलमध्ये : ती तेव्हाही कमावत होती, मारहाण झालीच नाही, सगळं मामांनी भरवलं. ते सांगायची जागा अपिलात आहे. आदेश हाती पडल्यापासून तीस दिवसांत सत्र न्यायालयात जायचं, आणि स्थगिती वेगळी मागायची. नुसतं अपील दाखल केल्यानं आदेश थांबत नाही. नोकरी गेली, अंथरूण धरलं, तिला नंतर पगाराची नोकरी लागली, ही मात्र खरी कारणं. ती पुराव्यानिशी मांडणाऱ्या नवऱ्याला उगाच खलनायक ठरवू नये. अंतरिम आदेश कधी तिच्या एकटीच्या शपथपत्रावर एकतर्फी झालेला असतो, तेव्हा त्याचं म्हणणं ऐकलं जाणं हा त्याचा हक्कच आहे.

पंधरा दिवसांनी ती आली, या वेळी एकटीच पुढे. पुरसीस तिनं भावजयीकडून वाचून घेतली होती.

"राहतो एकत्र. बोलायचं नाही, घरी यायचं नाही, ते काढा मॅडम. हात उचलायचा नाही, तेवढं राहू द्या."

मॅडमनी तेवढं ठेवलं. तिनं नक्कल मागून घेतली आणि घडी करून मुलीच्या दप्तरात ठेवली. दप्तर त्याच्याच हातात होतं.

(पुढच्या आठवड्यात : घर सासूच्या नावावर असेल तर)